पंधरा हजारांत व्हॉल्व्हचा हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर: आधी हेडफोन काय मागतो ते पाहा

आपण आपल्याकडील साधनांची माहिती नीट दिली आहे, त्यामुळे उत्तर नेमके देता येईल. सेनहायझरचा एचडी ६एक्सएक्स आणि हायफायमनचा एचई४००एसई असे दोन हेडफोन आपल्याकडे आहेत. दोन्ही सध्या मोबाइलच्या डाँगलवर, म्हणजे मोबाइलला हेडफोन जोडणाऱ्या छोट्या यंत्रावर, चालतात, ऐकणे मुख्यतः ख्याल, नाट्यपदे आणि १९५०-६०च्या दशकांतील चित्रपटगीते असे आहे, आणि खर्चाची मर्यादा १५,००० रुपये आहे. एवढ्या पैशांत व्हॉल्व्हचा, म्हणजे काचेच्या निर्वात नळीचा, म्हणावा असा अ‍ॅम्प्लिफायर मिळतो का, चार-पाच हजारांत विकले जाणारे काचेच्या दोन नळ्यांचे छोटे डबे घ्यावेत का, की कीट, म्हणजे सुट्या भागांचा संच, आणून स्वतः जुळवावे, असे आपण विचारले आहे. मी पुण्यात गेली तीस वर्षे व्हॉल्व्हचे रेडिओ आणि अ‍ॅम्प्लिफायर दुरुस्त करतो आणि काही नवे बांधूनही देतो. या अनुभवावरून सांगतो की अ‍ॅम्प्लिफायर निवडण्याआधी आपला हेडफोन व्होल्ट मागतो की करंट, हे ठरवावे लागते. ते एकदा ठरले की बाजारातील निम्म्याहून अधिक पर्याय आपोआप गळून पडतात.

आपल्या दोन हेडफोनांची मागणी अगदी उलट आहे, म्हणून हिशेब मांडून दाखवतो. एचडी ६एक्सएक्स हा ३०० ओहमचा हेडफोन आहे (ओहम हे करंटला होणाऱ्या अडथळ्याचे माप) आणि १ व्होल्ट दिल्यावर तो सुमारे १०३ डेसिबल आवाज देतो. तानेच्या किंवा तबल्याच्या थापेच्या शिखराला ११० डेसिबलपर्यंत जागा ठेवायची असे धरले, तर त्याला सव्वादोन व्होल्टच्या आसपास दाब लागतो आणि करंट मात्र जेमतेम साडेसात मिलीअँपिअर लागतो. एचई४००एसई हा प्लेनर, म्हणजे सपाट पडद्याच्या जातीचा, २५ ओहमचा हेडफोन आहे आणि १ मिलीवॉटला तो ९१ डेसिबल देतो. त्याच ११० डेसिबलसाठी त्याला सुमारे ८० मिलीवॉट, म्हणजे केवळ १.४ व्होल्ट, पण ५६ मिलीअँपिअर करंट लागतो. एकाची मागणी दाबाची आहे, दुसऱ्याची प्रवाहाची, आणि प्रवाहाच्या मागणीत जवळजवळ साडेसातपटींचा फरक आहे. याच हिशेबातून आणखी एक गोष्ट निघते, ती लपवून ठेवणे मला योग्य वाटत नाही. १ व्होल्ट देणारा चांगला डाँगल एचडी ६एक्सएक्सला १०३ डेसिबलपर्यंत नेतो, आणि घरात शांतपणे ऐकणाऱ्या माणसाला तेवढे बहुधा पुरते. फक्त हळू आवाजात ध्वनिमुद्रित झालेल्या जुन्या मैफली ऐकताना तो कमी पडल्यासारखा वाटतो. तेव्हा आपण व्हॉल्व्ह घ्याल तो आवाजाच्या पोतासाठी घ्याल, मोठेपणासाठी नव्हे, हे मनाशी पक्के असलेले बरे.

आता व्हॉल्व्हचा स्वभाव पाहू. तापलेल्या कॅथोडमधून सुटलेले इलेक्ट्रॉन निर्वात पोकळीतून प्लेटकडे जातात आणि मधली ग्रिड त्यांना आवरते. या मार्गाने दाब भरपूर मिळतो, पण करंट थोडाच. जुन्या रेडिओत म्हणूनच स्पीकरच्या आधी आउटपुट ट्रान्सफॉर्मर असे, तो दाब उतरवून करंट वाढवी. हेडफोनसाठीही तसा ट्रान्सफॉर्मर वापरता येतो, परंतु खालच्या खर्जापासून वरच्या झिलईपर्यंत सरळ वागणारा छोटा ट्रान्सफॉर्मर गुंडाळणे हे कौशल्याचे आणि खर्चाचे काम आहे. १५,००० रुपयांत तो बसत नाही. म्हणून स्वस्त यंत्रांत दोनच वाटा उरतात. एक, आउटपुट ट्रान्सफॉर्मर नसलेली रचना, जिला सगळे ओटीएल म्हणतात. दुसरी, पुढे व्हॉल्व्ह आणि मागे ट्रान्झिस्टर किंवा आयसी असलेली हायब्रिड रचना.

ओटीएलमध्ये बहुतेक ठिकाणी ६एएस७ किंवा तिचाच मजबूत भाऊ ६०८० हा व्हॉल्व्ह असतो. तो मुळात संगीतासाठी बनलेला नाही, स्थिर दाबाच्या पॉवर सप्लायमध्ये करंट वाहून नेण्यासाठी बनलेला आहे. त्यामुळे त्याची प्लेटची अंतर्गत रोधकता फक्त २८० ओहम आहे, जी व्हॉल्व्हच्या जगात फारच कमी मानली जाते. त्याच्या एका अर्ध्या भागाचा कॅथोड फॉलोअर केला, म्हणजे कॅथोडवरूनच आवाजाचा सिग्नल बाहेर काढला, तर आउटपुट इम्पिडन्स, म्हणजे यंत्राचा स्वतःचा अडथळा, शंभर ओहमच्या अलीकडे-पलीकडे येतो. अमेरिकेतील बॉटलहेडच्या ‘क्रॅक’ या प्रसिद्ध कीटमध्ये १२एयू७ आणि ६०८० अशी जोडी आहे आणि तिचा आउटपुट इम्पिडन्स सुमारे १२० ओहम आहे. चिनी बनावटीच्या डार्कव्हॉइस ३३६एसईमध्ये ६एसएन७ आणि ६एएस७ असतात, तत्त्व तेच. आपला ३०० ओहमचा हेडफोन अशा यंत्रावर फार सुंदर वाजतो, आणि त्याचे कारण मोजता येते. या घराण्यातील हेडफोनांचा इम्पिडन्स सगळीकडे ३०० राहत नाही, तो ८० ते १०० हर्ट्झच्या आसपास ५०० ओहमच्या घरात चढतो. स्रोताला १२० ओहम असले की त्या पट्ट्यात हेडफोनच्या वाट्याला थोडा अधिक दाब येतो. हिशेब केला तर ही वाढ साधारण १ डेसिबल भरते. तबल्याच्या डग्ग्याला भरीवपणा येतो, पुरुष गायकाच्या खर्जाला थोडे अंग येते, आणि ऐकणारा म्हणतो की व्हॉल्व्हमुळे आवाज उबदार झाला. त्या उबेचा मोठा हिस्सा या साध्या भागाकाराचा असतो. म्हणून मी तिला खोटी म्हणत नाही, कारण कानाला ती खरोखरच मिळते. पण ती कुठून येते हे कळले की पैसे कशासाठी द्यायचे हेही कळते.

याच यंत्रावर एचई४००एसई लावला तर निराशा होईल. १२० आणि २५ यांच्या विभागणीत हेडफोनच्या वाट्याला दाबाचा सहावा हिस्सा येतो. शिवाय अशा ओटीएलच्या एका बाजूत ३०-३५ मिलीअँपिअरच करंट वाहत असतो, त्यामुळे ५६ मिलीअँपिअरची मागणी आली की लाट कापली जाते. पखवाजाची थाप बोथट होते, समेवर आवाज दबल्यासारखा होतो. गेल्या वर्षी एक गृहस्थ माझ्याकडे ओटीएल घेऊन आले, व्हॉल्व्ह गेले असे त्यांचे म्हणणे होते. व्हॉल्व्ह ठणठणीत होते. त्यांनी मध्यंतरी हेडफोन बदलून प्लेनर घेतला होता, एवढेच घडले होते.

आता चार-पाच हजारांच्या डब्यांविषयी. त्यांत बहुधा ६जे१ हे सात पिनांचे छोटे पेंटोड, म्हणजे पाच इलेक्ट्रोडचे व्हॉल्व्ह, असतात, आणि १२ व्होल्टच्या अ‍ॅडॉप्टरवर सगळे चालते. असाच एक डबा मी टेबलावर उघडला तेव्हा प्लेटवर मीटरने २६ व्होल्ट दाखवले. सॉकेटच्या मधल्या भोकाखाली नारिंगी एलईडी सोल्डरचा डाग देऊन बसवला होता, आणि बाहेरून दिसणारा तेजाळ रंग त्याचाच होता. व्हॉल्व्हचा खरा प्रकाश कॅथोडच्या नळीच्या टोकाशी, विझत आलेल्या निखाऱ्यासारखा मंद दिसतो, खोलीत दिवा असेल तर शोधावा लागतो. त्या डब्यात हेडफोन चालवण्याचे काम आठ पायांची एक आयसी करत होती आणि तिच्यापुढे व्हॉल्व्हची एक पायरी होती, जिच्यात गुणापेक्षा खरखर अधिक होती. एलईडी लावणे हा काही गुन्हा नाही, परंतु जिथे एलईडी लावून रंग आणावा लागतो तिथे बाकीच्या भागांवर किती खर्च झाला असेल, याचा अंदाज बांधता येतो.

मात्र कमी व्होल्टवर चालणारा प्रत्येक व्हॉल्व्ह दिखाऊ असतो, असा निष्कर्ष आपण काढू नये. १९५०च्या दशकात मोटारीतील रेडिओसाठी १२एई६ यांसारखे व्हॉल्व्ह खास बनवले गेले, जे प्लेटला थेट गाडीच्या बॅटरीचे १२ व्होल्ट मिळाले तरी नीट काम करत. अमेरिकन अभियंते पीट मिलेट यांनी अशाच व्हॉल्व्हांवर हायब्रिड हेडफोन अ‍ॅम्प्लिफायर रचला आणि पुढे १९जे६ व्हॉल्व्ह आणि मॉसफेट जातीचे ट्रान्झिस्टर घेऊन ४८ व्होल्टच्या सप्लायवर चालणारी एक अगदी स्वस्त रचनाही सर्वांसाठी खुली केली. गरीब विद्यार्थ्याला परवडेल असा अ‍ॅम्प्लिफायर, हाच तिच्या नावाचा आशय होता. तिला प्रसिद्धी मिळाल्यावर तो कोणी विचारत नसलेला व्हॉल्व्ह महाग झाला, पण रचनेतील शहाणपण कायम आहे. व्हॉल्व्ह त्याच्या सोयीच्या दाबावर चालवायचा आणि करंटचे ओझे ट्रान्झिस्टरवर टाकायचे. चांगल्या हायब्रिडची व्याख्या मी एवढीच करतो.

तयार हायब्रिडांपैकी तीन नावे विचारात घेण्यासारखी आहेत. शिट ऑडिओचा ‘वाली’ २०१३ मध्ये ११९ डॉलरला आला, तेव्हा त्यात मूळ श्रवणयंत्रांसाठी बनलेले ६०८८ हे पेन्सिलीच्या तुकड्याएवढे व्हॉल्व्ह होते. आवाज चांगला, पण टेबलाला धक्का लागला की कानात घंटेसारखा नाद बराच वेळ घुमत राही. नंतरच्या आवृत्त्यांत सॉकेटमध्ये बसणारा एकच नेहमीचा व्हॉल्व्ह आला आणि तो त्रास फारसा उरला नाही. भारतात तो आणताना वाहतूक आणि सीमाशुल्क धरून आपली मर्यादा ओलांडली जाण्याची शक्यता आहे, म्हणून पूर्ण हिशेब करूनच मागवावा. दुसरा एक्सड्यूओचा एमटी-६०२. त्यात दोन ६जे१ आणि त्यांच्यामागे ट्रान्झिस्टरांची क्लास ए, म्हणजे करंट सतत वाहता ठेवणारी, पायरी आहे. वर सांगितलेल्या डब्यातलाच व्हॉल्व्ह इथेही आहे, पण मागची पायरी करंट देण्याच्या लायकीची आहे, आणि फरक तिथेच पडतो. तिसरा लॉक्सजीचा पी२०, त्यात दोन ६एन३ आहेत आणि बॅलन्स्ड, म्हणजे दोन्ही कानांच्या तारा पूर्ण वेगळ्या ठेवणारी, जोडणी आहे. आपल्याकडे बॅलन्स्ड वायर नसेल तर तिचा खर्च वेगळा धरावा लागेल.

व्हॉल्व्ह नेमके काय करतो, हे आपल्या संगीताच्या भाषेत सांगणे मला सोपे वाटते. काळी एकचा सा सुमारे १३८.६ हर्ट्झचा असतो. ट्रायोडची, म्हणजे कॅथोड, ग्रिड आणि प्लेट एवढेच असलेल्या व्हॉल्व्हची, वक्रता प्रामुख्याने दुसरा हार्मोनिक मिसळते, म्हणजे २७७ हर्ट्झ, तोच सा वरच्या सप्तकात. तिसरा मिसळला तरी तो ४१६ हर्ट्झच्या आसपास, म्हणजे त्या सप्तकाचा पंचम. दोन्ही मूळ स्वराशी जुळणारे आहेत, म्हणून कानाला बोचत नाहीत. पण प्रमाण लक्षात घ्या. अर्धा टक्का हार्मोनिक म्हणजे मूळ स्वरापेक्षा ४६ डेसिबल खाली. तानपुऱ्याच्या जवारीतून जे स्वयंभू स्वर निघतात त्यांच्यापुढे हे काहीच नाही, आणि एकट्या गळ्याच्या गायनात ते ओळखणे अवघड असते. अनेक वाद्ये एकदम वाजतात तेव्हा तीच वक्रता वाद्यांचे स्वर एकमेकांत मिसळून नवे, न जुळणारे स्वर निर्माण करते आणि वाद्यवृंद थोडा गढूळ होतो. त्यामुळे ख्यालाला मानवणारे यंत्र भरगच्च वाद्यवृंदाच्या गाण्याला मानवेलच असे नाही. जुनी चित्रपटगीते तर मुळात व्हॉल्व्हच्या उपकरणांवरच मुद्रित झाली आहेत, तो रंग त्यांत आधीच आहे. ७८ आरपीएमच्या तबकड्यांवरून उतरवलेल्या गाण्यांची खरखर व्हॉल्व्हने जाईल अशी अपेक्षा तर ठेवूच नये.

व्हॉल्व्ह बदलत राहण्याच्या नादाविषयी मला कळकळीने सांगायचे आहे, कारण तरुण मुले यात हजारो रुपये घालवताना मी पाहिली आहेत. १५,००० मधले ५,००० व्हॉल्व्हसाठी राखून ठेवू नका. ते पैसे अ‍ॅम्प्लिफायरमध्येच घाला. फार तर जेजे कंपनीसारख्या चालू उत्पादनातील एक सुटा व्हॉल्व्ह अडीअडचणीला जवळ ठेवा. दोन धोके मात्र माहीत असावेत. १२एयू७ आणि ६डीजे८ दोघेही नऊ पिनांचे असून एकाच सॉकेटमध्ये बसतात, पण त्यांच्या हीटरची, म्हणजे कॅथोड तापवणाऱ्या तारेची, जोडणी वेगळी आहे, म्हणून एकाच्या जागी दुसरा घालता येत नाही. ६डीजे८च्या जागी अनेकजण रशियन ६एन१पी घालतात. त्याची जोडणी जुळते, पण ६डीजे८चा हीटर ०.३६५ अँपिअर घेतो आणि ६एन१पीचा ०.६ अँपिअर. ट्रान्सफॉर्मर तेवढा दणकट नसेल तर तो महिन्या-दोन महिन्यांत करपतो. यंत्राच्या माहितीपत्रकात नाव दिलेले असेल तरच पर्यायी व्हॉल्व्ह घालावा.

बुधवारी किंवा रविवारी पुण्याच्या जुन्या बाजारात गेलात तर बीईएलचे (भारत इलेक्ट्रॉनिक्सचे), बंगळूरला बनलेले व्हॉल्व्ह अजून कधीकधी हाती लागतात. त्यांची बनावट उत्तम आहे, मी ते आजही रेडिओत आनंदाने घालतो. परंतु तिथे जे ढिगाने दिसतात ते ईसीएच८१, ईबीसी८१, ईझेड८० असे रेडिओचे व्हॉल्व्ह असतात आणि वर सांगितलेल्या एकाही अ‍ॅम्प्लिफायरमध्ये ते चालत नाहीत. स्वस्त मिळाले म्हणून घेऊ नका, ते एखाद्या जुन्या रेडिओच्या उपयोगी पडू द्या.

स्वतः जुळवण्याचा आपला विचार मला आवडला, पण पहिलेच काम ओटीएलचे घेऊ नका. त्यात दीडशे ते दोनशे व्होल्ट डीसी असतो, आणि वायर भिंतीतून काढल्यावरही कपॅसिटरमध्ये तो दाब टिकून राहतो. मी आजही आधी मीटर लावून दाब उतरल्याची खात्री करतो, एक हात खिशात ठेवतो आणि मगच आत स्क्रूड्रायव्हर घालतो. आधी पुण्याच्या तपकीर गल्लीतून किंवा मुंबईच्या लॅमिंग्टन रोडवरून सुटे भाग आणून ट्रान्झिस्टरचा एखादा छोटा अ‍ॅम्प्लिफायर बांधा, चमकदार आणि कोरडा डाग यांतला फरक हाताला आणि डोळ्याला कळू द्या. व्हॉल्व्हचे कीट त्यानंतर घ्या. परदेशी कीट किंवा तयार यंत्र मागवताना ट्रान्सफॉर्मर किंवा अ‍ॅडॉप्टर २३० व्होल्टचाच मागवावा. ११० व्होल्टचे यंत्र कन्व्हर्टरवर चालवले की घुमणारा आवाज शोधण्यात महिने जातात. गावाकडे रात्री दाब २५० व्होल्टच्या वर जात असेल तर ६.३ व्होल्टचा हीटर ६.८च्या पुढे जातो आणि व्हॉल्व्हचे आयुष्य झपाट्याने घटते, तिथे स्टॅबिलायझर ही चैन नाही. कोकण-गोव्याच्या खाऱ्या दमट हवेत सॉकेटच्या पिना हिरव्या पडतात. पावसाळ्यानंतर एकदा यंत्र बंद आणि थंड असताना व्हॉल्व्ह काढून पिना कॉन्टॅक्ट क्लीनरने पुसल्या तर निम्म्या कुरबुरी थांबतात. आणि ६०८०चा केवळ हीटरच सुमारे १६ वॉट घेतो, काच हाताला भाजते, म्हणून घरात लहान मूल असेल तर अशा यंत्राला जाळी हवीच.

एवढे सगळे लक्षात घेऊन आपल्यासाठी माझा सल्ला स्पष्ट आहे. दोन्ही हेडफोन ठेवायचे असतील तर हायब्रिड घ्या. १५,००० च्या आत एमटी-६०२ निश्चिंतपणे बसत असेल तर तो, आणि ‘वाली’ थोडी मर्यादा ओलांडून मिळत असेल तर महिनाभर थांबून तो. चार-पाच हजारांचा डबा नको. त्यापेक्षा सध्याचा डाँगल अधिक स्वच्छ वाजतो. एचई४००एसई विकून केवळ एचडी ६एक्सएक्सवर राहायची तयारी असेल, तर मात्र आलेले पैसे यात मिळवा आणि वापरलेला पण जपलेला डार्कव्हॉइस किंवा तत्सम ओटीएल शोधा. वापरलेला घेताना समोर चालू करून अर्धा तास तापू द्या, व्हॉल्यूम शून्यावर ठेवून घुंघुं येते का ते ऐका, पेन्सिलीच्या रबराने व्हॉल्व्हला हलकेच टिचकी मारून नाद किती वेळ घुमतो ते पाहा, आणि व्हॉल्यूम फिरवताना एका कानात आवाज आधी येतो का तेही तपासा. तापेपर्यंत हेडफोन लावू नका, कारण आउटपुटचा कपॅसिटर भरताना जो करंट जातो तो आपल्या हेडफोनमधून जायला नको.

नवे यंत्र घरी आल्यावर पहिल्या आठवड्यातच एक चाचणी करा. ४०० हर्ट्झचा सलग स्वर मोबाइलवर लावा, हेडफोन जोडलेला असताना प्लगच्या टोकांवर साध्या मल्टिमीटरने एसी व्होल्ट मोजा, आणि डाँगल व नवे यंत्र या दोघांचा व्हॉल्यूम एकसारख्या आकड्यावर आणा. ४०० हर्ट्झ यासाठी, की स्वस्त मल्टिमीटर त्याच्या फार वर गेले की चुकतात. जे यंत्र थोडेसे मोठे वाजते ते कानाला नेहमी अधिक चांगले वाटते, म्हणून ही बरोबरी केल्याशिवाय केलेली तुलना धरू नये. मग आपल्या सवयीची एक विलंबित बंदिश दोन्हीवर आलटून-पालटून ऐका, शक्य असेल तर अदलाबदल घरातील कोणाला तरी करायला सांगा, आणि कोणते चालू आहे ते न पाहता लिहून ठेवा. दहापैकी आठ-नऊ वेळा आपण बरोबर ओळखले आणि ओळखलेले आवडलेही, तर यंत्र ठेवा. नाही ओळखता आले तर परत करण्याची मुदत संपायच्या आत ते परत करा.